निकोल नावाची मुशी, तिच्या पाठीवरचं यंत्र आणि आपला किनारा

ओहोटी

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी पर्थच्या कॉटस्लो किनाऱ्यावर पोहायला गेले होते. पाण्यात कंबरेपर्यंत उतरले आणि मागे शिट्ट्या वाजायला लागल्या. जीवरक्षक सगळ्यांना बाहेर बोलवत होते. फोन पाहिला तर सूचना आली होती: टॅग, म्हणजे माग काढायचं छोटं यंत्र, लावलेली एक ग्रेट व्हाइट शार्क समुद्रातल्या रिसीव्हरजवळून गेली आहे.

पुढचा अर्धा तास आम्ही शे-दीडशे माणसं वाळूत उभी राहून पाण्याकडे बघत होतो. दिसलं काहीच नाही. पण त्या माशाला एक क्रमांक आहे, कुणीतरी कधीतरी त्याला हात लावला आहे आणि तो आता इथून पुढे चालला आहे, एवढं मला कळत होतं. त्या अर्ध्या तासात मला सारखी मालवणची आजी आठवत राहिली.

आत्याच्या बाळंतपणात आजी रोज बाजारातून मुशी, म्हणजे आपल्याकडची शार्क, आणायची, दूध यावं म्हणून. तिची ती खरखरीत कातडी, ती काढण्यासाठी चुलीवर ठेवलेलं गरम पाणी, परसातला वास. "आजी, ही मुशी कुठून येते?" असं मी एकदा विचारलं होतं. "दर्यातून," आजी म्हणाली. घरात, बाजारात, शाळेत, कुणाकडेही याहून जास्त उत्तर नव्हतं. आज चाळीस वर्षांनी आपल्या किनाऱ्यावरच्या मुशीबद्दल मी तोच प्रश्न विचारला, तर उत्तर फारसं पुढे गेलेलं नाही. म्हणून हा धागा.

आधी निकोलची गोष्ट सांगते, कारण मी या विषयात ओढली गेले ती तिच्यामुळे.

७ नोव्हेंबर २००३. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाजवळ गान्सबाई नावाचं मासेमारीचं गाव आहे. तिथे रामोन बोनफिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे पावणेचार मीटर लांबीच्या एका मादी ग्रेट व्हाइटला टॅग लावला. शार्कप्रेमी अभिनेत्री निकोल किडमनवरून तिचं नाव निकोल ठेवलं. टॅग असा होता की तो ठरलेल्या दिवशी आपोआप सुटून वर तरंगेल आणि साठवलेली माहिती उपग्रहाला पाठवेल. तोवर ग्रेट व्हाइट म्हणजे किनाऱ्याला धरून राहणारा मासा, सील जिथे तिथे ती, असाच समज होता.

२८ फेब्रुवारी २००४ ला टॅग सुटला आणि वर आला तो पश्चिम ऑस्ट्रेलियात, एक्समाउथच्या आखाताजवळ! तिकडचा किनारा सोडल्यापासून ९९ दिवसांत ११,००० किलोमीटरहून जास्त. अख्खा हिंदी महासागर तिने जवळजवळ सरळ रेषेत पार केला होता. बराच वेळ पाण्याच्या अगदी वरच्या थरात पोहत, आणि मधूनच खोल बुडी मारत. सर्वांत खोल बुडी ९८० मीटरची, जिथे पाणी साडेतीन अंशांच्या आसपास होतं.

मला सर्वांत भिडतो तो पुढचा भाग. टॅग गेला, आता निकोलचा पत्ता कसा लागणार? २० ऑगस्ट २००४ ला ती परत गान्सबाईला दिसली. पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला जे कंगोरे आणि खाचा असतात, ते प्रत्येकीचे वेगळे. जुन्या फोटोशी ते जुळले. सुमारे नऊ महिन्यांत जाऊन-येऊन वीस हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून बाई घरी आल्या होत्या. एखादी शार्क महासागर ओलांडून पुन्हा त्याच जागी परतल्याचा असा पुरावा त्याआधी कुणाच्याही हातात नव्हता.

आता संवर्धनाचं बघा. दक्षिण आफ्रिकेने ग्रेट व्हाइटला १९९१ मध्येच संरक्षण दिलं होतं, जगात सर्वांत आधी. ऑस्ट्रेलियातही ती संरक्षित. पण निकोलने वाटेत जे महिने काढले ते पाणी कुणाचंच नव्हतं. दोन्ही घरांना कुलपं आणि मधला रस्ता सताड उघडा. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये बँकॉकला भरलेल्या परिषदेत ग्रेट व्हाइट साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली, म्हणजे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवान्याची अट लागली.

माझं म्हणणं साधं आहे. माशाच्या प्रवासाची नकाशावरची रेघ माशाला वाचवत नाही, पण ती नसेल तर कुणाला जाब विचारायचा हेच कळत नाही. आणि आपल्या किनाऱ्यावरच्या मुशींची अशी रेघ जवळजवळ नाहीच. आपल्याला मुशी भेटते ती टोपलीत, लिलावात. तिचा तिथवरचा जन्म सगळा अंधारात. इथे कोकणातले, दर्याशी संबंध असलेले, विज्ञान शिकवणारे बरेच जण आहेत. तुम्ही काय पाहिलंय ते लिहा.

कट्ट्यावरची

एका दमात वाचलं ताई. निकोल परत आली तिथे अंगावर काटा आला.

एक शंका. टॅग लावताना माशाला दुखत नाही का? आणि "आपोआप सुटतो" म्हणजे नक्की कसा?

ओहोटी

दुखतं, थोडं तरी नक्कीच, आणि हे काम करणारी माणसं ते नाकारत नाहीत. सुटणाऱ्या टॅगला बारीक टोकाची खुंटी असते. ती लांब काठीने पाठीच्या पराच्या बुडाशी स्नायूत रोवतात, टॅग तिला दोरीने बांधलेला असतो आणि मागे तरंगत राहतो. व्हेल शार्कला, म्हणजे त्या सगळ्यांत मोठ्या माशाला, हे पोहत जाऊनही करता येतं, कातडी इतकी जाड असते की बरेचदा ती दिशाही बदलत नाही. परावर पक्का बसवायचा टॅग असेल तर मात्र मासा गळाला लावून बोटीच्या बाजूला आणावा लागतो, पर भोकं पाडून बोल्टने बसवतात. तोवर कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवावं लागतं. त्याचा ताण मोठा असतो आणि काही वेळा पर कायमचा विद्रूप होतो. त्यामुळे कुठल्या प्रश्नासाठी कुठला टॅग हे आधी ठरलं पाहिजे. उत्सुकता म्हणून टॅग लावणं मला पटत नाही.

सुटण्याचं तंत्र सुंदर आहे. टॅग आणि दोरी जोडणारी एक बारीक धातूची पिन असते. ठरलेल्या तारखेला टॅगमधली बॅटरी तिच्यातून वीज सोडते, खाऱ्या पाण्यात ती पिन झपाट्याने गंजून विरघळते, आणि टॅग वर येतो.

तरंगलांबी

माझं क्षेत्र अँटेना, म्हणून थोडं लांबण लावतो.

खूप जणांना वाटतं की माशाला जीपीएस लावला की झालं, जसा आपण टेम्पोला लावतो. मुळात समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जातच नाहीत म्हटलं तरी चालेल. पाणी विजेचं वाहक, ते लहरी गिळून टाकतं. मासा एक हात पाण्याखाली असला तरी उपग्रहासाठी तो नाहीच. या एका अडचणीतून सगळे प्रकार निघाले आहेत.

पहिला प्रकार आवाजाचा. टॅग ठरावीक वेळाने टिकटिकतो, माणसाला ऐकू न येणाऱ्या ६९ किलोहर्ट्झच्या आसपासच्या आवाजात, आणि त्या टिकटिकीत त्याचा क्रमांक असतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो. पण ऐकायला समुद्रात कान ठेवावे लागतात, म्हणजे रिसीव्हर, आणि एका कानाची पोच काही शे मीटर. ताईंना पर्थला जी सूचना आली ती या जातीची. त्यामुळे हेही लक्षात घ्या की टॅग नसलेली शार्क शेजारून गेली तरी फोन गप्पच राहणार.

दुसरा, परावर बसवलेला उपग्रह टॅग. पर पाण्याबाहेर आला की टॅगला कळतं आणि तो बोलायला लागतो. वरून आर्गोस या माग काढणाऱ्या यंत्रणेचा उपग्रह जात असतो. रेल्वे जवळ येताना शिट्टी चढी ऐकू येते आणि लांब जाताना उतरते, तसा उपग्रहाला येणारा सूर बदलतो आणि त्या बदलावरून जागा काढतात. एका फेरीत असे चार-पाच संदेश मिळाले तर जागा बरी निघते, एखादाच मिळाला तर नाही. म्हणून वर येणाऱ्या जातींनाच हा टॅग शोभतो.

तिसरा निकोलचा, आणि मला तो सर्वांत आवडतो, कारण त्यात पंचांग आहे! टॅग पाण्याखाली फक्त उजेड, तापमान आणि दाब नोंदवत राहतो. उजाडलं कधी आणि मावळलं कधी यावरून मध्यान्ह निघते, मध्यान्हीवरून रेखांश. पंचांगात मुंबईचा सूर्योदय वेगळा आणि नागपूरचा वेगळा असतो ना, तेच उलटं वापरायचं. दिवस किती लांबीचा यावरून अक्षांश. गोची होते मार्च आणि सप्टेंबरात, विषुवदिनाच्या आसपास. तेव्हा सगळीकडे दिवसरात्र सारखेच, मग अक्षांश कशावरून काढणार? तेव्हा तापमानाचा आधार घेतात. तरीही चूक शंभर किलोमीटरच्या घरात जाऊ शकते. नकाशात जी नाजूक रेघ दिसते ती खरं तर जाड पट्टा समजा.

प्रयोगवही

मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. हा धागा वाचून मन भरून आलं, कारण आमच्या पिढीने मुशीशी जे केलं ते आठवलं.

बीएस्सीला ज्यांनी प्राणिशास्त्र घेतलं त्यांना 'स्कोलिओडॉन' हा शब्द जन्मभर पुरतो. आपल्या किनाऱ्यावरची ती लहान मुशी, चपट्या फावड्यासारख्या नाकाची. ट्रेमध्ये पालथी टाकायची, डोक्याची कूर्चा हळूहळू खरवडायची आणि मेंदूच्या नसा उघड्या करायच्या. दहावी नस शाबूत राहिली की परीक्षक खूश. दरवर्षी किती मुशी आल्या आणि गेल्या. तिच्या शरीरातली नस न् नस मला पाठ होती, पण ती पिल्लं कुठे घालते, पावसाळ्यात कुठे जाते, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही मुलांना विचारलं नाही. नंतर विच्छेदनं बंद झाली, ते चांगलंच झालं.

ही लहान मुशी त्यातल्या त्यात लवकर वयात येते आणि बरीच पिल्लं घालते, म्हणून अजून टिकून आहे. मोठ्या जातींचं तसं नाही. वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं, काहींना त्याहून जास्त, आणि मग पिल्लं मोजकी. अरबी समुद्र आणि आसपासच्या पाण्यातल्या शार्क, पाकट आणि त्यांच्या भाईबंदांच्या १५३ जाती तपासल्या तेव्हा निम्म्या जाती धोक्यात निघाल्या. जगातल्या खुल्या महासागरात १९७० पासून यांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली असं २०२१ चा अभ्यास सांगतो.

मला स्वतःला फार आवडलेला एक अभ्यास सांगते. फ्लोरिडात टेरा सिया नावाची उथळ खाडी आहे. तिथे ब्लॅकटिप जातीच्या पिल्लांना आवाजाचे टॅग लावलेले होते. २००१ च्या सप्टेंबरात गॅब्रिएल हे वादळ आलं. वादळ धडकण्याआधी हवेचा दाब उतरायला लागला, आणि खाडीतली टॅग लावलेली सगळी तेरा पिल्लं खोल पाण्यात निघून गेली. वादळ ओसरल्यावर परत आली. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदाच वादळ पाहिलं असेल! शरीरात दाबाची जाणीव असते हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि तेरा पिल्लं एकापाठोपाठ खाडीच्या तोंडातून बाहेर पडताना नोंदली जाणं वेगळं.

रापणकर

प्रयोगवही बाई, तुमचं वादळाचं वाचून रात्री वडिलांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तेंका कळता. आमका रेडिओ लागता."

ओहोटीताई, मी मालवणचाच. आमची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आहे, शिवाय एक छोटी यांत्रिक होडी. तुम्ही लिहा म्हणालात म्हणून लिहितोय, राग मानू नका. टॅग, उपग्रह, सगळं वाचून बरं वाटलं. पण माझ्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, मी हे सांगितलं तर तो पहिलं विचारेल, "आमका काय गावतला?"

आमच्याकडची परिस्थिती अशी. मुशीसाठी म्हणून आता फार कमी लोक जातात. ती सुरमईच्या, पापलेटच्या जाळ्यात येते. पूर्वी पराला भाव होता. २०१५ मध्ये पराच्या निर्यातीवर बंदी आली, आता मांसावरच काय ते. वडील सांगतात की त्यांच्या तरुणपणी पंधरा-वीस वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोल पाण्यात माणसाएवढ्या मुशी लागायच्या. मी होडीवर जायला लागल्यापासून तशी मोजून दोनदा पाहिली. येतात ती पिल्लं. बाजारात पिल्लांनाच गिऱ्हाईक जास्त, बाळंतिणीसाठी. तुमच्या आजीने नेली तशीच.

आणि व्हेल शार्क. ती जाळ्यात आली की आमचं दिवसाचं नाही, वर्षाचं गणित बिघडतं. जाळं कापूनच सोडावी लागते. सरकारची नुकसानभरपाई आहे, २०१८ च्या डिसेंबरपासून, पंचवीस हजारांपर्यंत. त्यासाठी सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. समुद्र खवळलेला, मासा बोटीपेक्षा लांब, आणि एकाने मोबाइल धरून उभं राहायचं. तरीही लोक सोडतात. माझ्या डोळ्यांसमोर सोडलेली आहे. सुटल्यावर ती एकदम पळत नाही, जरा वेळ तिथेच थांबते. मग खाली जाते.

ओहोटी

रापणकर दादा, राग कसला. ज्यासाठी धागा काढला ते तुम्ही लिहिलंत.

"आमका काय गावतला" हा प्रश्न गुजरातमध्ये वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याहून कडक शब्दांत विचारला गेला होता. वेरावळच्या पट्ट्यात व्हेल शार्कची शिकार हाच धंदा होता, यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी. २००१ च्या मे महिन्यात ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. देशात असं संरक्षण मिळालेला हा पहिला मासा. पण कायद्याने शिकार थांबेल एवढीच, मन बदलत नाही. २००४ पासून गुजरात वनविभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून मोहीम घेतली. रामकथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं की ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे, 'व्हाली', म्हणजे लाडकी आहे. तेव्हापासून शेकडो व्हेल शार्क मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून सोडल्या. उपग्रह टॅग तिथे त्यानंतर आला, २०११ मध्ये, आणि तो लावायला मासा दाखवला त्याच लोकांनी. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी माणसं, मग यंत्र.

आता नकाशावरच्या रेघेने खरंच काही झालं का? झालं. पूर्व प्रशांत महासागरात गॅलापागोस बेटं इक्वेडोरची, कोकोस बेट कोस्टा रिकाचं. दोन्हींभोवती राखीव क्षेत्र होतं. हातोडीसारख्या डोक्याच्या हॅमरहेडना टॅग लावल्यावर दिसलं की त्या या बेटांच्या दरम्यान समुद्राखालच्या डोंगररांगेवरून ये-जा करतात, आणि मधल्या सुमारे सातशे किलोमीटरच्या वाटेवर लांब दोरीच्या गळांची रांग लागलेली असते. कासवं आणि व्हेल शार्कही त्याच वाटेने जाताना दिसल्या. बरीच वर्षं ही माहिती सरकारांसमोर मांडत राहिल्यावर कोस्टा रिकाने २०२१ च्या डिसेंबरात कोकोसचं क्षेत्र कितीतरी पटींनी वाढवलं, आणि १४ जानेवारी २०२२ ला इक्वेडोरने 'एरमांदाद', म्हणजे बंधुभाव, नावाचं ६०,००० चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं. त्यातला निम्मा भाग मासेमारीला पूर्ण बंद, उरलेल्या निम्म्यात फक्त लांब दोरीला बंदी. म्हणजे तिथेही मच्छीमारांशी बोलूनच वाटणी झाली.

अनवट_वाटा

धागा वाचतोय, शिकतोय. एक काळजी मात्र मांडतो.

माशाची जागा आपल्याला कळते, तशी ती इतरांनाही कळते. २०१३ मध्ये पन्नाच्या जंगलातल्या वाघाच्या जीपीएस पट्ट्याची माहिती ज्या ईमेलवर यायची, तिथे कुणीतरी घुसायचा प्रयत्न केला होता आणि तो पुण्यातून झाल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. शार्कच्या बाबतीत तर लोकांना थेट नकाशे बघायला मिळतात. मेरी ली नावाची अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची ग्रेट व्हाइट, २०१२ मध्ये टॅग लावलेली, तिला समाजमाध्यमांवर लाखाहून जास्त लोक फॉलो करत होते. प्रेमाने करत होते हे मान्य. पण ज्याला पर विकायचे आहेत, त्यालाही तोच नकाशा दिसतो.

दुसरं, पर्थसारख्या ठिकाणी ही सूचना माणसाच्या सुरक्षेसाठी आहे की शार्कच्या? उद्या "टॅगवाली शार्क आली, मारा" असं होणार नाही कशावरून?

ओहोटी

तुमची दुसरी भीती खरी आहे आणि ती इथे घडून गेली आहे. २०१४ च्या उन्हाळ्यात पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने किनाऱ्याजवळ आमिष लावलेले मोठे गळ टाकले, मोठ्या शार्क मारण्यासाठी. तीन महिन्यांत १७२ शार्क अडकल्या. जवळजवळ सगळ्या टायगर जातीच्या होत्या. ज्या ग्रेट व्हाइटच्या भीतीने हे सुरू झालं, ती एकही नव्हती. कॉटस्लोच्या याच वाळूत तेव्हा हजारो लोक विरोध करायला जमले होते. पोहणारी माणसं, लहान मुलं घेऊन आलेल्या आया. पुढे ते बंद झालं.

जागेबद्दल म्हणाल तर बरेच अभ्यासक आता नकाशा उशिराने दाखवतात, किंवा नेमकी जागा लपवतात. शिकारीचा धोका जिथे आहे तिथे हे केलंच पाहिजे असं मलाही वाटतं. आपल्याकडे कधी टॅग लावले गेले तर थेट नकाशा नको.

जहाजी

मी मालवाहू जहाजांवर चीफ ऑफिसर आहे. सध्या सुट्टीवर, घरी, अलिबागला. या धाग्यात लिहावं की नाही याचा चार दिवस विचार केला.

व्हेल शार्क आणि जहाजांबद्दल कुणी लिहिलं नाही. तीनशे मीटर लांबीचं जहाज, वेग पंधरा-सोळा नॉट. पुढच्या टोकापासून ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची जागा, इतका लांब की नाकाखाली काय आहे ते दिसत नाही. रडारवर मासा येत नाही. धडक बसली तरी आम्हाला काही जाणवत नाही, एक हलकीशी थरथरही नाही. बंदरात पोचल्यावर एखाद्या वेळी पुढच्या गोलाव्यावर काही अडकलेलं दिसतं. एकदा मी पाहिलं आहे. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

ओहोटीताई, टॅगमधून यातलं काही कळतं का?

ओहोटी

जहाजी, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

कळतं. २०२२ मध्ये जगभरच्या सुमारे ३५० व्हेल शार्कचे माग आणि मोठ्या जहाजांचे मार्ग एकावर एक ठेवून पाहिले. या माशांच्या वावराचा ९२ टक्के भाग जहाजांच्या वाटांशी जुळत होता. त्या निम्मा वेळ वरच्या पाण्यात असतात आणि जहाजाच्या मानाने फार हळू पोहतात. जिथे जहाजांची वर्दळ जास्त, तिथेच टॅगचे संदेश बंद पडण्याचं प्रमाणही जास्त निघालं, यंत्र बिघडल्याने जितके बंद पडावेत त्याहून जास्त.

आणि काही टॅगनी खोलीची नोंद पाठवली. मासा जहाजांच्या वाटेत शिरतो, वरच्या पाण्यात असतो, आणि मग खाली जायला लागतो. बुडी मारताना उतरतो तसा नाही. संथ, एका गतीने, शेकडो मीटर खाली, तळापर्यंत. व्हेल शार्क मेली की तरंगत नाही, बुडते. म्हणून किनाऱ्यावर प्रेत येत नाही आणि धडक कुणाच्या हिशेबात येत नाही. ती आकड्यांची उतरती रांग मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढचं काही वाचवेना. कुणाचीही चूक नव्हती आणि कुणालाच कळलं नव्हतं.

यावर उपाय तुमच्याच हातातले आहेत. ठरावीक ठिकाणी, ठरावीक महिन्यांत वेग कमी करणं किंवा मार्ग थोडा सरकवणं. देवमाशांसाठी हे काही देशांत होतं.

जहाजी

मार्ग आखताना चार्टवर सूचना असेल तर आम्ही पाळतो. बहुतेक सगळे पाळतात. फक्त ती सूचना कुणीतरी छापायला हवी, आणि ती छापायला जागा आणि महिने माहीत हवेत. मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरांच्या तोंडाशी किती जहाजं नांगरलेली असतात ते इथल्या किनाऱ्यावरून रात्री दिव्यांवरून मोजता येतं.

कट्ट्यावरची

आता कळतंय की वेळास-गुहागरच्या कासवांच्या वेळी आम्ही एवढे का गुंतलो होतो. २०२२ मध्ये प्रथमा, सावनी, रेवा, वनश्री, लक्ष्मी यांना उपग्रह टॅग लावले तेव्हा माझी मुलगी रोज विचारायची, आज सावनी कुठे आहे. पुढच्या वर्षी बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली.

पण त्याहून मोठा धक्का २०२५ च्या जानेवारीत बसला. ओडिशात २०२१ मध्ये साधी धातूची पट्टी लावलेली मादी गुहागरला अंडी घालायला आली! त्या पट्टीत ना बॅटरी, ना अँटेना. फक्त एक क्रमांक, आणि तो वाचणारं माणूस जागेवर होतं.

मग मुशीसाठी असं काही स्वस्तातलं नाही का? उपग्रह टॅग काही लाखांत जात असणार.

ओहोटी

आहे, आणि त्याला काहीच लावावं लागत नाही.

व्हेल शार्कच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि प्रत्येकीची मांडणी वेगळी. गेल्या एप्रिलात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या निंगालूला पहिल्यांदा तिच्याशेजारी पोहले, तेव्हा पाण्यात डोळ्यांसमोर चांदणं सरकत गेल्यासारखं वाटलं. ही उपमा माझी एकटीची नाही. ब्रॅड नॉर्मन इथे वर्षानुवर्षं व्हेल शार्कचे फोटो काढत होते. ते ठिपके जुळवायचे कसे, यासाठी त्यांना संगणकतज्ज्ञ जेसन होल्मबर्ग आणि खगोलभौतिकीतले झावेन आर्झुमानियन यांची साथ मिळाली. आकाशाच्या दोन फोटोंतले तारे त्रिकोण करून जुळवायची एक जुनी पद्धत खगोलशास्त्रात होती. तीच त्यांनी व्हेल शार्कवर लावली. २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि आज जगभरचे पर्यटक, पाणबुडे आणि मच्छीमार फोटो पाठवतात, संगणक ठिपके जुळवतो. आफ्रिकेत काढलेला फोटो आणि मालवणात काढलेला फोटो एकाच माशाचे आहेत का, हे कळू शकतं.

रापणकर दादा, भरपाईसाठी तुम्ही जो फोटो काढता, तोच फोटो. वेगळं काही नाही. फक्त बाजू योग्य आली पाहिजे.

रापणकर

हे आधी कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे चार-पाच होड्यांच्या मोबाइलमध्ये असे व्हिडिओ पडून आहेत. अर्ज भरला की संपलं, परत कुणी बघत नाही. दोन तर मीच काढलेत.

वडिलांना आणि शेजारच्या काकांना घेऊन बसलो होतो काल. पोटात पिल्लं असलेल्या मुशी कुठे लागायच्या, कुठल्या महिन्यात, असं विचारलं. काका तोंडाने सांगतात, मी वहीत लिहितो. वाव, वारा, उधाण की भांग (लहान भरती), सगळं त्यांना अजून आठवतं. दोन खाड्यांची तोंडं त्यांनी नाव घेऊन सांगितली. ती मी इथे लिहीत नाही, अनवट_वाटा म्हणाले ते मला पटलंय. बाईंना व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

फोटोचं सांगा. कुठली बाजू?

प्रयोगवही

अवश्य पाठवा. वही जशी आहे तशीच फोटो काढून पाठवा, शुद्धलेखन करत बसू नका. काकांचे शब्द तसेच राहू द्या.

ओहोटी

डावी बाजू. कल्ल्यांच्या चिरा संपतात तिथून मागे, छातीच्या पराच्या वरचा भाग, जमेल तितका आडवा. उजवी मिळाली तर तीही ठेवा, पण आधी डावी. तारीख आणि किती वाव पाणी होतं ते सोबत. जुने व्हिडिओही चालतील, थांबवून त्यातलं चित्र काढता येतं.

रापणकर

दोन्ही व्हिडिओ आता बघितले. एकात उजवी बाजू आणि जाळंच जाळं. दुसऱ्यात सुटल्यावर ती थांबली होती ना, तेव्हाची डावी आहे. ठिपके स्पष्ट दिसतात. पाठवतो.